चिरंजीवांचा सायलेन्सर

आमच्या घरी एक होंडा सिव्हिक आहे. गाडी २००८ सालची आणि ती चालवणारे आमचे चिरंजीवही २००८ सालचेच. दोघांचाही आवाज एकदमच फुटला, असे म्हणायला हरकत नाही.

झाले असे, की उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करून साठवलेले पैसे त्याच्या खिशात खुळखुळत होते. एका शनिवारी सकाळी पोहे खाता खाता त्याने जाहीर केले, "बाबा, मी गाडीचा एक्झॉस्ट बदलणार आहे."

"का रे? गळतोय का?" सौ.ने विचारले.

"नाही गं आई. अपग्रेड."

चांगली चालू वस्तू काढून टाकायची आणि तिच्या जागी जास्त आवाज करणारी वस्तू पदरचे पैसे घालून बसवायची, हा व्यवहार आमच्या सांगलीच्या घरात आजवर कोणी केलेला नाही. पण चिरंजीव तयारीनिशी आले होते. त्यांच्यापुढे दोन बेत होते. एक, मागची नळी आणि मफलर बदलायचा. दुसरा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पूर्ण काढून तिथे सरळ नळी टाकायची. जाहिरातीप्रमाणे पहिल्याने दहा आणि दुसऱ्याने वीस अश्वशक्ती वाढणार होती.

माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, विषय नळ्यांतून वाहणारे उष्ण वायू. पोट मात्र गेली वीस वर्षे संगणकावर भरते. त्यामुळे घरात मला वायर जोडण्यापलीकडे कोणी विचारत नाही. इतक्या वर्षांनी माझ्या प्रबंधाचा विषय आपण होऊन जेवणाच्या टेबलावर आला होता. मी म्हटले, "नाही म्हणत नाही. पण आधी कागद-पेन्सिल घेऊन बसू." त्या बैठकीत आम्ही काय मांडले आणि पुढे काय घडले, ते इथे सांगतो. मंडळातल्या बऱ्याच घरांत सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली आहेत. आज ना उद्या हा विषय तुमच्याही पोह्यांच्या बशीशेजारी येऊन बसेल.

नळीचे काम काय?

आमच्या वडिलांची बजाज स्कूटर होती, टू-स्ट्रोक. वर्ष-दीड वर्षाने ती चढाला दम टाकू लागे. मग कोपऱ्यावरचा मेकॅनिक सायलेन्सर काढून चक्क त्यात जाळ घालायचा. पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलची काजळी आत थरावर थर साचलेली असे, ती जळून झडली की तीच स्कूटर पुन्हा डबलसीट घेऊन सुसाट निघे. इंजिनात काहीच बदललेले नसे. फक्त धूर बाहेर जायची वाट मोकळी झालेली असे. श्वास सोडता आला नाही तर घेताही येत नाही, हे प्राणायाम शिकवणारे सांगतात तेच इंजिनालाही लागू आहे.

मोटारीच्या एक्झॉस्टला मात्र चार कामे एकदम करावी लागतात. जळलेला वायू इंजिनाबाहेर काढायचा, त्यातले विष कमी करायचे, आवाज मारायचा आणि उरलेला धूर माणसे बसतात त्या जागेपासून लांब मागे नेऊन सोडायचा. जाहिरात पहिल्या कामाबद्दलच बोलते. बाकीची तीन कामे मुळात पहिल्याच्या थोडी आड येणारीच आहेत. तेव्हा कारखान्यातून येणारी नळी ही एक तडजोड असते, आणि "अपग्रेड" म्हणजे त्या तडजोडीचा काटा एका बाजूला सरकवणे. कशाच्या बदल्यात काय मिळते, एवढाच प्रश्न.

लाटेचा हिशोब

एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा धूर सावकाश वाहू लागत नाही, तो फुटतो. दाबाची एक लाट आवाजाच्या वेगाने नळीतून धावत सुटते. खोलीतल्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. ६०० अंश सेल्सिअस तापलेल्या धुरात तो ५८० च्या घरात जातो. नळी जिथे एकदम रुंद होते तिथे ही लाट उलटते आणि परत येताना दाबाऐवजी ओढ घेऊन येते. नेमक्या क्षणी, म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत असताना आणि आत घेणारा उघडत असताना ती परत पोचली, तर उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताजी हवा जास्त आत येते.

यासाठी ठोकताळा असा, की क्रँक सुमारे १२० अंश फिरेपर्यंत लाट जाऊन परत यावी. मिनिटाला ६००० फेऱ्या धरल्या तर एक फेरी १० मिलिसेकंदांची आणि १२० अंश म्हणजे ३.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लाट १.९ मीटर जाते, म्हणजे जाऊन-येऊन धरता नळी सुमारे ९५ सेंटिमीटर लांब हवी. पण ३००० फेऱ्यांना हाच हिशोब केला, तर नळी दुप्पट, जवळजवळ दोन मीटर हवी! म्हणजे कुठलीही नळी एका ठराविक वेगालाच "सुरात" असते. बासरीचे एक भोक सगळे स्वर वाजवू शकत नाही, तसेच. शर्यतीच्या गाडीसाठी बनवलेले हेडर ६००० फेऱ्यांना गातात आणि टर्नपाइकवरच्या रांगेत बेसूर होतात.

आमच्या सिव्हिकमध्ये तर हा प्रश्नच निकालात निघाला. या इंजिनाच्या चारही एक्झॉस्टच्या वाटा सिलिंडर हेडच्या आतच एकत्र येतात आणि हेडला थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बोल्टने जोडलेला असतो. बदलायला वेगळा मॅनिफोल्ड नाहीच. या गाडीसाठी "रेस हेडर" म्हणून जे विकतात, ते म्हणजे कन्व्हर्टर काढून तिथे बसवायची नळी. चिरंजीवांचा दुसरा बेत तोच होता.

बॅक प्रेशर नावाचे मिथक

"इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच," असे गराजमधले जाणकार सांगतात. हे खरे नाही. इंजिनाला उलटा दाब कधीच नको असतो. त्याला हवा असतो नळीतल्या वायूचा वेग. नळी फार रुंद केली की धूर मंदावतो, लाटेची ओढ क्षीण होते आणि कमी फेऱ्यांना गाडी मरगळते. त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला, की दाब गेला म्हणून ताकद गेली. गेला होता वेग.

मग योग्य नळीने किती मिळते? वेगाने वाहणाऱ्या वायूत सरळ नळीतला दाबाचा तोटा ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने घटतो. दोन इंचांची नळी सव्वादोन इंचांची केली, तर तोटा जवळजवळ निम्मा होतो. ऐकायला जबरदस्त वाटते. आता त्याची अश्वशक्ती काढू. १.८ लिटरचे इंजिन ६००० फेऱ्यांना सेकंदाला ९० लिटर धूर ढकलते. समजा, नव्या नळीने उलटा दाब १० किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक दशांश, इतका कमी झाला. ९० लिटर गुणिले १० किलोपास्कल म्हणजे ९०० वॉट, म्हणजेच सव्वा अश्वशक्ती. सिलिंडर थोडा अधिक स्वच्छ भरतो, त्याची भर घातली तर दोन-तीन. १४० मध्ये दोन-तीन!

तीही पॅडल तळाला टेकवले तरच. रोजच्या पासष्ट मैलांच्या वेगाला इंजिन धूर टाकते त्याच्या पाचवा-सहावा हिस्सा, आणि दाबाचा तोटा प्रवाहाच्या वर्गाने कमी होतो. १० किलोपास्कलचे तिथे अर्धाही उरत नाही. २५०० फेऱ्यांना मी हिशोब केला, तो आला १५ वॉट. बाथरूममधला एलईडीचा दिवा असतो तेवढा. चिरंजीवांनी तो आकडा दोनदा तपासला आणि वर दिव्याकडे पाहिले.

टर्बोच्या गाड्यांचे गणित थोडे वेगळे असते. तिथे टर्बाइनच्या मागचा दाब उतरला तर फायदा जास्त होतो. आपल्या घरांतल्या बहुतेक साध्या इंजिनांना मात्र वरचेच गणित लागू आहे.

कन्व्हर्टरला हात लावायचा नाही

दुसऱ्या बेतावर मी गणित केलेच नाही. सरळ नाही म्हटले आणि कारण सांगितले.

१९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकन रस्त्यांवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास दिसू लागला. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते आणि तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अतिसूक्ष्म थर. अडीचशे-तीनशे अंशांना तो थर कामाला लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन. शिसे या थराला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. पुढे १९९६ पासून इथल्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. आपल्या मुलांच्या रक्तात शिसे कमी आहे, त्यातला एक वाटा या विटेचा आहे. त्यातल्या ऱ्होडियमचा भाव २०२१ मध्ये औंसाला वीस हजार डॉलरच्या वर गेला होता. त्या दिवसांत रात्रीतून कन्व्हर्टर कापून नेलेल्या प्रियस आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील.

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्याखाली हे उपकरण काढणे वा निकामी करणे गुन्हा ठरले आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर ही बंदी खुद्द मोटारमालकालाही लागू झाली. "फक्त शर्यतीच्या मैदानासाठी" असे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते ते याचसाठी. विकणारा त्या ओळीआड उभा राहतो आणि रस्त्यावर आपण.

शिवाय गाडीही चहाडी करते. १९९६ पासूनच्या प्रत्येक मॉडेलमध्ये कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिल्याचा आकडा सतत खालीवर होतो. कन्व्हर्टर शाबूत असेल तर दुसऱ्याचा स्थिर राहतो. दोघेही एकसारखे नाचू लागले, की संगणक पी ०४२० ही खूण नोंदवतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि न्यू जर्सीची तपासणी गाडी नापास करते. "पण बाबा, सेन्सरला फसवायचा एक स्पेसर मिळतो." मी म्हटले, "आमच्या ऑफिसात कोणी चूक दुरुस्त करण्याऐवजी चूक दाखवणारी चाचणीच पुसून टाकली, तर त्याला आम्ही काय म्हणतो, ते तुला माहीत आहे." त्याला माहीत होते. दुसरा बेत तिथेच संपला.

आवाजाची किंमत

राहिला मागचा भाग. कन्व्हर्टरच्या मागची नळी आणि मफलर बदलायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, पण आवाजाचे नियम राज्यागणिक वेगळे. न्यू जर्सीत मफलर चालू स्थितीत हवा आणि त्याला बगल देणारी नळी चालत नाही. कॅलिफोर्नियात साध्या मोटारीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. तिथे कन्व्हर्टर किंवा त्याच्या आधीचा कुठलाही भाग बदलायचा, तर त्यावर राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो.

मफलर दोन जातींचे. एकात कप्पे असतात. लाटा त्यांत आपटून एकमेकींना मारतात, वाट वाकडी असल्याने अडथळा थोडा जास्त. दुसऱ्यात सरळ भोकांची नळी आणि भोवती काचेच्या तंतूंचा कापूस. वाट मोकळी, आवाज जास्त, आणि कापूस वर्षांनुवर्षे जळून गेला की आणखी जास्त. बाजारातले बहुतेक दुसऱ्या जातीचे.

त्यांचा खरा त्रास लांबच्या प्रवासात कळतो. चार सिलिंडरचे इंजिन एका फेरीत दोनदा पेटते. २४०० फेऱ्यांना सेकंदाला ८० ठोके होतात, पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेच्या आसपासचे. गाडीची बंद पोकळी त्याच सुरात घुमू लागली, की दोन तासांत डोके उठते. तंबोऱ्याबरोबर निदान गाणे तरी असते! शिवाय तो पहाटे साडेपाचला पोहण्याच्या सरावाला निघतो आणि शेजारच्या आजींची खोली आमच्या ड्राइव्हवेकडच्या बाजूला आहे. तिकडे पुण्यात पोलिसांनी बुलेटचे जप्त केलेले फटाकेबाज सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला होता. ती छायाचित्रे मी मुद्दाम दाखवली.

शेवटी ठरले. व्यास सव्वादोन इंच, मधे एक रेझोनेटर असलेली, ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची नळी. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्तातल्या ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, तिला वरवरचा गंज धरतो. मिठाच्या रस्त्यांवर हा फरक मोजण्याजोगा आहे. चिरंजीवांनी सहाशे डॉलर स्वतःचे घातले. दोन-तीन अश्वशक्तींसाठी नव्हे, हे त्यांनी मोकळेपणी कबूल केले. "मला तो आवाज आवडतो, बाबा." त्याने मागितलेले हे पहिलेच खरे कारण होते, आणि ते मला पटले.

माझी चूक

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही बापलेक गाडीखाली शिरलो. जॅकवर विसंबायचे नाही, खाली स्टँड लावायचेच, हे मी बजावले. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल मारून ठेवले होते. रबराचे हँगर साबणाच्या पाण्याने निसटले. अंधार पडेतो नवी नळी बसली. फक्त कन्व्हर्टरकडच्या जोडाचे पॅकिंग नव्या खोक्यात नव्हते आणि दुकान बंद झाले होते.

"उद्या नवीन आणू, बाबा."

"अरे, जुनं चांगलंय. घट्ट आवळ." हे वाक्य माझे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी इंजिन थंड असताना टिक-टिक असा आवाज येऊ लागला. त्याने मला ऐकवले. मी न वाकताच निदान केले, "उष्णतारोधक पत्रा हलतोय." पुढच्या शनिवारी तो धाकट्या बहिणीला घेऊन मराठी शाळेत गेला. थंडी होती, काचा बंद. शाळा सुटेपर्यंत दोघे बराच वेळ गाडी चालू ठेवून आत बसले. घरी आल्यावर मुलीचे डोके दुखत होते आणि तिला मळमळत होते. आम्ही म्हटले, गाडी लागली असेल.

त्याला ते पटले नाही. जिन्यातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काढून त्याने गाडीत ठेवला, काचा लावल्या, थंड इंजिन चालू केले आणि बाहेर उभा राहून काचेतून पाहू लागला. अलार्म वाजला नाही. पण आकडा शून्यावरून ४३ वर गेला. घरचा अलार्म दशलक्षात ७० भाग झाले तरी तासाभरानंतरच बोंबलतो, म्हणून नुसत्या शांततेवर विसंबू नये. जुने पॅकिंग एका बाजूने फाटले होते, नेमके पुढच्या सीटखाली, आणि जमिनीच्या पत्र्यातले एक रबरी बूच केव्हाच पडून गेले होते. मुलीचे डोके त्यामुळेच दुखले, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण आकडा समोर होता.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. थंड इंजिनात कन्व्हर्टर अजून जागा झालेला नसतो, तेव्हा तो सर्वांत जास्त निघतो. जानेवारी २०१६ च्या हिमवादळात इथे न्यू जर्सीतच, पॅसेइक गावी, वडील गाडीभोवतीचा बर्फ उपसत होते आणि आई व मुले ऊब मिळावी म्हणून चालू गाडीत बसली होती. मागची नळी बर्फाने बुजली होती. आई आणि तिची दोन्ही मुले गेली. ते वडील काही पावलांवर उभे होते. त्या रात्री मला झोप लागली नाही ती या काही पावलांमुळे.

सोमवारी नवे पॅकिंग आणि नवे बोल्ट आले. किंमत वीस डॉलरच्या आत. थंड इंजिन चालू करून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फवारले, कुठे बुडबुडा येतो का पाहिले. बूच बसवले. अलार्म पुन्हा आत ठेवला. शून्य. दहा मिनिटांनी शून्य.

"बाबा," तो हात पुसत म्हणाला, "टेस्ट केल्याशिवाय सोडायचं नाही, असं ऑफिसात तूच सांगतोस ना?"

सांगतो खरा.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी हा विषय निघालाच तर एवढे करा. कन्व्हर्टरला हात लावू देऊ नका. अश्वशक्तीचे आकडे हिशोबाने तपासा. आवाज घेण्याआधी तीच नळी बसवलेली दुसऱ्याची गाडी हमरस्त्यावर अर्धा तास ऐका. जुने भाग फेकू नका, तपासणीच्या वेळी वा गाडी विकताना लागतात. केलेला बदल विमा कंपनीला कळवा. गाडीच्या वॉरंटीची धमकी कोणी दिली, तर १९७५ च्या वॉरंटी कायद्याप्रमाणे बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून ती रद्द होत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे कंपनीला दाखवावे लागते. पॅकिंग प्रत्येक वेळी नवे. हिवाळ्यात गाडी गराजमध्ये चालू ठेवायची नाही, दार उघडे असले तरी. आणि बर्फ पडला की आधी मागची नळी मोकळी करायची, मग किल्ली.

आणि मूल म्हणाले की आवाज येतोय, तर खाली वाकून ऐका.

पहाटे साडेपाचला सिव्हिक आता हळूच कोपऱ्यापर्यंत जाते आणि मग थोडी गुरगुरते. जिन्यात नवा अलार्म लागला आहे. जुना गाडीतच राहिला. तो परत आणायला आम्ही कोणीच सांगितले नाही.